भाग ३७ : तू व्हीगन का झालास?

आजचा भाग जरा लांबणार आहे आणि थोडासा माझ्या घरचाही आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या पावसाळ्यात पुण्यात एका व्हीगन गटाच्या जेवणाला गेलो होतो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा. दूध, दही, तूप, मध, अंडं काहीही चालणार नाही. मी शेंगदाण्याच्या दुधातली शेवयांची खीर नेली होती. बरी झाली होती, खोटं कशाला बोलू. जेवणाआधी सगळ्यांनी गोल बसून ओळख करून द्यायची: नाव, काम, आणि व्हीगन का झालात. एका मुलीने सांगितलं, कत्तलखान्याचा व्हिडिओ पाहिला आणि दोन दिवस घास उतरला नाही. एक काका म्हणाले, हवामान बदल, नातवंडांसाठी. मग माझी पाळी आली.

मी खरं ते सांगितलं. दूध प्यायलं की पोट फुगायचं, मुरडा यायचा. डॉक्टर म्हणाले लॅक्टोज पचत नाही. दूध सोडलं, बरं वाटलं. मग वाचत गेलो आणि बाकीचंही सुटत गेलं.

सगळे गप्प. मग एक जण हसत म्हणाला, "मग तू व्हीगन नाहीस रे, तू प्लांट-बेस्ड आहेस. पचायची गोळी मिळाली तर उद्या परत पिशील."

त्याचं बोलणं लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. आणि एक गोष्ट मी त्या गोलात सांगितलीच नव्हती. माझ्या घरी, सांगली जिल्ह्यात, दोन म्हशी आणि एक जर्सी गाय आहे. माझे वडील रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. दर दहा दिवसांनी बिल येतं. माझ्या बीटेकची फी त्या बिलातून गेली आहे.

त्या रात्री खोलीवर येऊन मी नेहमी करतो तेच केलं. हा शब्द आला कुठून आणि त्याच्या दारावर "का?" विचारणारा माणूस कधी उभा राहिला, ते शोधत बसलो. सापडलं ते आज सांगतो. सुरुवात व्हीगन या शब्दाच्या आधीपासून करावी लागेल, १८८८ सालापासून. तेव्हाच्या लंडनमध्ये हाच वाद शाकाहाराच्या नावाने चालू होता आणि त्यात आपल्या ओळखीचा एक मुलगा बसलेला होता.

मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला लंडनला पोचला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. निघताना आईसमोर, बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंच्या साक्षीने, तीन शपथा घेतलेल्या: दारू नाही, परस्त्री नाही, मांस नाही. शाळेत असतानाची त्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. राजकोटला एका मित्राच्या नादाने चोरून मांस खाल्लं होतं, कारण इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत, आपणही खाल्लं तर त्यांना हाकलू, असं पटलेलं. लंडनला आल्यावरही मत तेच होतं. म्हणजे एके दिवशी सगळ्या हिंदुस्थानाने मांस खावं असं वाटत होतं, पण स्वतः खात नव्हता. कारण एकच: आईला शब्द दिलाय. उपाशी राहायचा, घरमालकिणीच्या बेचव भाज्यांवर दिवस काढायचा.

त्या गोलात मोहनदास बसला असता तर काय सांगितलं असतं त्याने? "मांस खाणं मला चुकीचं वाटत नाही, पण आईला वचन दिलंय." पहिल्याच फेरीत बाद.

मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला एक शाकाहारी खाणावळ सापडली. तिथे दारातच विकायला हेन्री सॉल्ट यांचं 'अ प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम' हे पुस्तक ठेवलेलं होतं. एक शिलिंग देऊन घेतलं आणि सगळं वाचून काढलं. ते वाचल्यावर तो आपल्या मर्जीने शाकाहारी झाला, असं त्यानेच पुढे आत्मकथेत नोंदवलंय. ताटात होतं तेच राहिलं, कारण मात्र बदललं.

त्याच काळात अंड्यांचा घोळ झाला. इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या त्याला भेटल्या. एकीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस, मासे चालतात. दुसरीत कुठल्याही जिवाचं मांस नाही, अंडी चालतात. तिसरीत प्राण्यापासून येणारं सगळंच बंद, म्हणजे अंडी आणि दूधही. काही दिवस त्याने अंडी खाल्ली. मग लक्षात आलं की शपथ आईने दिली आहे, तर व्याख्याही आईचीच धरावी लागेल, आणि आईच्या डोक्यात अंडं हे मांसच होतं. अंडी बंद. आम्ही कोड लिहिणारे लोक याला रिक्वायरमेंट नीट समजून घेणं म्हणतो. क्लायंट काय म्हणाला यापेक्षा त्याच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं.

आता येतो खरा किस्सा. गांधी लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीवर गेले. सोसायटीचे अध्यक्ष होते अर्नोल्ड हिल्स, टेम्स आयर्नवर्क्स या जहाज कारखान्याचे मालक. (फुटबॉलवाल्यांसाठी: त्याच कारखान्याच्या कामगारांचा संघ पुढे वेस्ट हॅम युनायटेड झाला. त्यांच्या चिन्हावर हातोडे का आहेत ते आता कळलं असेल.) हिल्स यांच्या लेखी शाकाहार म्हणजे शुद्ध नैतिक जीवनाचा भाग होता. आणि समितीवरच डॉ. थॉमस ॲलिन्सन होते. त्यांच्या लेखी शाकाहार म्हणजे आरोग्य: चोकरासकट पीठ, मोकळी हवा, औषधं कमी. हे डॉक्टर संततिनियमनाचाही उघड प्रचार करायचे, गरीब बायकांना त्याची माहिती द्यायचे. हिल्सना हे सहन होईना. असा माणूस आपल्या संस्थेत नको, म्हणून त्यांना काढायचा ठराव आला.

गांधींची अडचण पाहा. संततिनियमनाच्या बाबतीत त्यांना हिल्स यांचंच म्हणणं बरोबर वाटत होतं, ॲलिन्सन यांचं नाही. हिल्सबद्दल आदर होता. तरीही ठरावाला विरोध केला. त्यांचा मुद्दा एवढाच होता की संस्थेचं काम शाकाहाराचा प्रसार आहे, नीतीची कुठली एक पद्धत पसरवणं नाही. जो मांस खात नाही तो सभासद होऊ शकतो, बाकी त्याची मतं काहीही असोत. हे बोलायला म्हणून भाषण लिहून नेलं आणि ऐन वेळी लाजून उभंच राहता येईना. दुसऱ्या कुणाला तरी ते वाचून दाखवावं लागलं. ठराव मंजूर झाला, ॲलिन्सन गेले. आयुष्यातल्या अशा पहिल्याच लढाईत गांधी हरणाऱ्या बाजूला होते.

मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्या मताचा नसलेला माणूस आत राहावा म्हणून आपल्याच मताच्या माणसाविरुद्ध उभं राहायचं, तेही पाय थरथरत असताना. मी कंपनीच्या मीटिंगमध्ये माझ्याच बाजूने हात वर करताना दहा वेळा विचार करतो.

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती: कारण विचारू नका, सगळ्यांना आत घ्या, संपलं. पण पुढची पंचवीस-तीस वर्षं पाहिली तर कारणाला किंमत असते हेही गांधींकडूनच कळतं.

१९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडलं. म्हणजे आजच्या भाषेत जेवणापुरते व्हीगन झाले, तो शब्द जन्मायच्या बत्तीस वर्षं आधी. कारणं एकात एक गुंतलेली. दुधाने वासना वाढते असं श्रीमद् राजचंद्रांकडून ऐकलं होतं, म्हणजे ब्रह्मचर्य हे एक कारण. दुसरं, कलकत्त्याहून आलेल्या पत्रकांत गवळी गाई-म्हशींचे कसे हाल करतात याची वर्णनं होती. त्यात 'फुका' नावाचा प्रकार होता. जनावराच्या मागच्या भागात हवा फुंकून शेवटचा थेंबसुद्धा काढून घ्यायचा. ही केवळ जुनी गोष्ट नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये कलम १२ खास या फुक्यासाठी आहे.

मग १९१४. गांधी लंडनमध्ये, छातीच्या आवरणाला सूज, दुखणं कमी होईना. खाणं काय, तर शेंगदाणे, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षं, ऑलिव्ह तेल. दूध नाही, धान्यही नाही. डॉक्टर जीवराज मेहता (हेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री) उपचार करत होते आणि दूध-धान्य सुरू करा म्हणून मागे लागले होते. ही तक्रार गेली गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे, जे तेव्हा लंडनमध्येच होते आणि स्वतःही आजारी होते. ज्यांना गांधी आपले राजकीय गुरू मानायचे, त्या गोखल्यांनी आग्रह धरला: डॉक्टर सांगतात तसं कर.

गांधींनी चोवीस तास मागून घेतले. रात्रभर विचार केला आणि आपल्या कारणांची वाटणी केली. कुठला त्याग आरोग्याच्या प्रयोगासाठी आहे आणि कुठला धर्म म्हणून आहे? जे प्रयोगाचं होतं ते सोडता येणार होतं. दूध मात्र धर्माच्या बाजूला निघालं. डोळ्यांपुढे ते कलकत्त्याचे गवळी उभे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सांगितलं, बाकी ऐकेन, दूध घेणार नाही.

गोखल्यांना ते पटलं नाही. यात धर्म कसला, असंच त्यांचं म्हणणं होतं. पण त्यांनी आग्रह तिथेच सोडला आणि डॉक्टर मेहतांना सांगितलं की आता याला त्रास देऊ नका, याने जी मर्यादा आखली आहे तिच्या आत राहून काय औषध देता येईल ते द्या. (त्याच आजारपणात एक दुसरा डॉक्टरही बोलावला होता. ओळखा कोण. ॲलिन्सन. खिडक्या उघड्या ठेवा, चोकराचा ब्रेड खा, कच्ची भाजी खा.)

पुण्यात आपण गोखल्यांच्या नावाची संस्था आणि रस्ता पाहतो, त्यांच्यामागे 'नामदार' लावतो. मला यापुढे ते आठवतील ते या प्रसंगासाठी. न पटणाऱ्या माणसासाठी त्याच्याच अटींवर औषध शोधायला सांगणारे. त्यानंतर चारच महिन्यांत, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते गेले.

आणि मग ज्याच्या कारणाची ताकद आपण आत्ता पाहिली, तो माणूस पाच वर्षांत वाकला. आमांशाने हाडांचा सापळा झालेला. हवापालटासाठी माथेरानला गेले, तिथलं पाणी जड, ते सोसेना, तब्येत आणखी बिघडली. मुंबईत जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलालांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि सांगितलं की दूध घेतल्याशिवाय तुमचं शरीर मी उभं करू शकत नाही. गांधी म्हणाले, गाई-म्हशीच्या दुधाची शपथ आहे. शेजारी कस्तुरबा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे?

ते शेळीचं दूध पुढे जगभर गाजलं. पण गांधींनी स्वतःला यातून सोडवलं नाही. शपथ घेताना मनात गाय-म्हैस होती म्हणून अक्षर पाळलं, पण शपथेचा आत्मा सगळ्याच दुधाबद्दल होता, तो मोडला, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. रौलट कायद्याविरुद्ध उभं राहायचं होतं, जगायचं होतं. ते दूध त्यांना कायम खुपत राहिलं.

या सगळ्यानंतर २० नोव्हेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना, त्याच जुन्या व्हेजिटेरियन सोसायटीत त्यांचं भाषण झालं. शेजारी ऐंशीचे हेन्री सॉल्ट बसलेले, तेच एक शिलिंगवाल्या पुस्तकाचे. भाषणात एक गोष्ट अशी सांगितली जी त्या दिवशी मला टोमणा मारणाऱ्याला नक्की आवडेल: जे फक्त तब्येतीसाठी शाकाहारी होतात ते बहुतेक टिकत नाहीत, पाया नैतिक हवा. आणि दुसरी अशी जी त्याला कमी आवडेल: जुन्या दिवसांत शाकाहारी मंडळी एकत्र जमली की अन्न आणि आजार याशिवाय बोलायचीच नाहीत, आणि दुसऱ्याला आपल्यात आणायचं असेल तर आधी सहनशील व्हा.

आता शब्दाकडे.

दुसरं महायुद्ध चालू आहे. ब्रिटनमध्ये रेशन. शाकाहारी माणसाने मांसाचा हक्क सोडला तर त्याला जास्तीचं चीज मिळायचं. म्हणजे सरकारच्या हिशोबात शाकाहारी होता, दूध न पिणारा कुठेच नव्हता. लेस्टरमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाचे सुतारकाम शिकवणारे शिक्षक होते. लहानपणी काकांच्या शेतावर सुट्टीला जायचे आणि तिथे एक दिवस डुकराला मारताना पाहिलं. चौदाव्या वर्षी मांस सोडलं. युद्धात लढायलाही नकार दिला. पुढे दूधही सोडलं. त्यांनी आणि एल्सी श्रिग्ली वगैरे मंडळींनी व्हेजिटेरियन सोसायटीला विचारलं की तुमच्या मासिकात दूध न घेणाऱ्यांसाठी एक कोपरा द्याल का? सोसायटीने नाही म्हटलं. हिल्स आणि ॲलिन्सनची आठवण होते ना? पन्नास वर्षांनी परत तेच, फक्त या वेळी बाहेर राहिलेल्यांनी स्वतःचं दार बांधलं. नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनमध्ये सहा जण भेटले आणि व्हीगन सोसायटी सुरू झाली. 'द व्हीगन न्यूज'चा पहिला अंक निघाला तेव्हा वर्गणीदार होते पंचवीस. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याहून जास्त लोक असतात.

नाव काय ठेवायचं यावर लोकांनी बरीच सुचवणी केली होती आणि त्यांची एक यादी आहे. मला सगळ्यात जास्त मजा या यादीत आली. डेअरीबॅन: नावातच दुधावर बंदी. सॅनिव्होर: लॅटिनमध्ये 'सानुस' म्हणजे निरोगी, म्हणजे आरोग्यासाठी खाणारा. बेनेव्होर: 'बेने' म्हणजे भलं, म्हणजे दयाबुद्धीने खाणारा. व्हिटान: 'व्हिटा' म्हणजे जीवन. बोमांझर: फ्रेंच, नजाकतीने खाणारा, हे कुणी सुचवलं देव जाणे.

नीट पाहिलं तर यातल्या बहुतेक नावांत एकेक कारण भरलेलं आहे. सॅनिव्होर निवडला असता तर त्या दिवशी गोलात मी खरा ठरलो असतो आणि दोन दिवस न जेवलेली मुलगी बाहेर गेली असती. बेनेव्होर निवडला असता तर उलटं. निवडला गेला तो शब्द कुठलंच कारण सांगत नाही. 'व्हेजिटेरियन'ची इंग्रजी अक्षरं घ्या, पहिली तीन आणि शेवटची दोन ठेवा, मधलं कापून टाका. व्हीगन. वॉटसन स्वतः दयेच्या बाजूचे होते यात शंका नाही. पण त्या काळात ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंमध्ये क्षय पुष्कळ होता, कच्च्या दुधातून माणसांना लागण व्हायची, आणि दूध सोडायला ते कारणही लोकांना पुरत होतं. पंचवीस जणांना एका शब्दाखाली उभं राहायचं होतं, आणि त्यांनी रिकामा शब्द निवडला.

रिकामा शब्द फार दिवस रिकामा राहत नाही. १९४९ साली लेस्ली क्रॉस यांनी दाखवून दिलं की आपल्या संस्थेला व्याख्याच नाही. त्यांनी ती दिली आणि १९५१ पर्यंत ती संस्थेने स्वीकारली. सार असं की माणसाने प्राण्यांचं शोषण न करता जगावं. आता हा आहार राहिला नाही, तत्त्व झालं. चामडं, लोकर, सर्कस सगळं त्यात आलं. मला टोमणा मारणारा माणूस नकळत क्रॉस यांचीच भाषा बोलत होता. शब्द १९४४ चा आणि अट १९५१ ची, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पण क्रॉस यांची पुढची गोष्ट त्याला कुणी सांगितली नसावी. इतकी कडक व्याख्या लिहिणाऱ्या माणसाने पुढे काय केलं? १९५६ मध्ये प्लांटमिल्क सोसायटी काढण्यात पुढाकार घेतला आणि १९६५ मध्ये त्यातून सोयाबीनचं दूध बाजारात आलं, जे पुढे प्लामिल म्हणून विकलं गेलं. दुकानात डबा घेताना गिऱ्हाईकाला कुणी विचारत नाही की गाईवर प्रेम आहे की पोट फुगतं. १९९० पासून व्हीगन सोसायटी वस्तूंवर सूर्यफुलासारखं चिन्ह देते, तेही घटक तपासून देतात, बनवणाऱ्याचं मन तपासून नाही. आणि शरीर तर त्याहून निर्विकार. व्हिटॅमिन बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये, तोवर दूध सोडलेल्यांना नेमकं काय कमी पडतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दयेपोटी सोडलेलं असो की गॅसपोटी, बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. (घ्या. खरंच घ्या. मी सहा महिने आळस केला, तळपायाला मुंग्या आल्या.)

या गोष्टीचं एक टोक आपल्या मुंबईला बांधलेलं आहे. १८७३ साली मुंबईत एका पारशी घरात जन्मलेले दिनशाह घडियाली १९११ मध्ये अमेरिकेला गेले. रंगीत प्रकाशाने रोग बरे करायचं यंत्र त्यांनी काढलं, त्यावरून सरकारने खटला भरला, १९४७ मध्ये दोषी ठरले. विक्षिप्त गृहस्थ. घरात शाकाहार होता, दूध चालायचं. त्यांचा मुलगा जय दिनशाह १९५७ मध्ये फिलाडेल्फियातला एक कत्तलखाना पाहायला गेला, आणि तिथून बाहेर पडला तो व्हीगन होऊनच. १९६० मध्ये त्याने अमेरिकन व्हीगन सोसायटी काढली, मासिकाचं नाव 'अहिंसा'. म्हणजे बापाचा मार्ग उपचाराचा, मुलाचा अहिंसेचा, आणि घर एकच. याच जय दिनशाहने १९७४ मध्ये नॉर्थ अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटीही उभी केली, ज्यात दूध-अंडी खाणारेसुद्धा होते. स्वतः इतका कडक असून.

आता परत पुण्यातल्या त्या गोलात. मी ज्या मैत्रिणीला सोबत नेलं होतं तिची गोष्ट राहिली. आमच्या ऑफिसातली. तिच्या घरी दर रविवारी मटण असतं, पिढ्यान्‌पिढ्या. पुण्यात भाड्याने घर शोधताना तिला तीन ठिकाणी आडनाव ऐकून "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" विचारलं गेलं होतं आणि प्रश्न जेवणाचा नव्हता हे तिलाही कळत होतं आणि विचारणाऱ्यालाही. वर्षभरापूर्वी तिने मांस आणि दूध दोन्ही सोडलं, तिच्या कारणाने. गोलात तिने ते सांगितलं आणि एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "म्हणजे आता शुद्ध झालीस बघ."

बाईंच्या मनात वाईट काही नसेल. पण ती परत कधी आली नाही. "मी काय खाते ते मी बदललं," ती मला रिक्षात म्हणाली, "माझी आई अशुद्ध होती असं नाही सांगितलं मी."

लंडनमधल्या दारावर कारण विचारत होते. आपल्याकडच्या दारावर त्याच्याही आधीचं काहीतरी विचारलं जातं, आणि ते दार व्हीगन चळवळीने बांधलेलं नाही, फक्त ती त्याच दारातून आत येते. 'शुद्ध शाकाहारी' पाटी असलेल्या हॉटेलात तूप सढळ असतं आणि तिथे मला खायला काही मिळत नाही, तिला आत जावंसं वाटत नाही. आम्ही दोघं हल्ली टपरीवर मिसळ खातो. दोघांचीही सोय होते.

आणि घर. माझं कारण आता फक्त पोट राहिलेलं नाही, हे मला त्या गोलात सांगता आलं नाही तसं घरीही सांगता येत नाही. म्हशीला टोणगा झाला की आमच्याकडे कुणी पेढे वाटत नाही. लहानपणी मी टोणग्यांना नावं ठेवायचो आणि महिन्या-दोन महिन्यांत ते गोठ्यात नसायचे. "व्यापारी घेऊन गेला" एवढंच उत्तर, आणि मी पुढचं कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज उरली नाही. पण हे अप्पांना कुठल्या तोंडाने सांगू? गोळी वळता न येणाऱ्या बोटांनी पहाटे पाचला धार काढणाऱ्या माणसाला? सरकीच्या पेंडीचा भाव वाढतो आणि फॅट कमी लागली म्हणून दुधाचा दर कापतात, याचा हिशोब वहीत लिहिणाऱ्या माणसाला? त्यांच्या लेखी मी अजून पोट बिघडलेला पोरगा आहे, आणि मी ते तसंच राहू दिलंय.

दिवाळीला गेलो होतो. वसुबारसेला आई गाय-वासराची पूजा करत होती. आत्या आली होती. चहा झाला तशी माझ्या कपात दूध ओतायला पुढे झाली आणि म्हणाली, "अरे घरचं दूध आहे, घरचं कधी बाधतं होय?" मी काही बोलायच्या आत ओसरीवरून अप्पा म्हणाले, "त्याला कोराच दे. लिंबू पिळ थोडं."

लिंबू परड्यातलंच होतं.

पुढच्या भागात डॉ. ॲलिन्सन यांचं काय झालं ते सांगतो. १८९२ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं गेलं आणि त्यांनी सरळ पिठाची गिरणी घेतली. त्यांच्या नावाचा ब्रेड अजून मिळतो. भेटू.